दिपालीची खोली

सिस्टर घर बघायला येणार म्हणून बिरूनं सकाळपासून अंगण झाडायला घेतलं होतं. पण अंगणात एक ट्रॅक्टर इंजिनाचं हेड उतरवून ठेवलेला, दुसरा एका बाजूनं लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवलेला, आणि सगळ्या मातीत वर्षानुवर्षांचं काळं ऑइल मुरलेलं. झाडून झाडून तो किती झाडणार? भिंतीकडेला आईची शेरडं बांधलेली. पडवीत चूल पेटलेली. तिचा धूर सरळ घरात.

बारामतीच्या दवाखान्यातली ती सिस्टर, सोनल तिचं नाव, रिक्षातनं उतरली आणि उंबऱ्याशीच थांबली. तिनं आधी सगळीकडं नुसतं बघितलं. मग विचारलं, "पाण्याचा नळ कुठंय?"

"हाय की. भाईर हाय," बिरू म्हणाला.

घराच्या कोपऱ्यात जमिनीतून वर आलेल्या गंजक्या पाइपाला एक लोखंडी नळ होता. गळू नये म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तरी गळतच होता.

"दादा, स्पष्ट सांगते," सोनल म्हणाली. "पोटाचं डायलिसिस घरी करायचं तर एक खोली अशी पाहिजे, जिच्यात धूळ नाही, धूर नाही, जनावराचा केस नाही. आणि खोलीतच नळ पाहिजे, कोपरानं बंद होणारा. धुतलेल्या हातानं नळ बंद केला की हात परत घाण झाला. पोटात नळी असते, तिच्या तोंडाशी जरा जरी घाण गेली तर आत पू होतो."

"आन् ट्रॅक्टर?"

"ते इथं चालणार नाहीत."

"माझं पोटच त्याच्यावर हाय, सिस्टर."

पडवीच्या पायरीवर बिरूची बायको दिपाली बसली होती. चेहरा सुजलेला, रंग राखेसारखा. तिनं विचारलं, "खोली न्हाय जमली तर?"

"तर दवाखान्यात मशीनवरच यावं लागेल. पण ताई, मशीनसाठी जोडलेली तुमच्या हाताची शीर दोनदा बंद पडलीय. तिसऱ्यांदा कुठं करणार?"

"खोली हुईल," बिरू म्हणाला. "महिनाभर थांबा."

भिगवणपासून आत, उजनीच्या पाण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर हे घर. धरणात जुनं गाव गेलं तेव्हा बिरूच्या वडलांनी आपल्या घराचे दगड बैलगाडीनं वर आणले आणि तेच पुन्हा रचले. तीन खोल्या आणि पडवी. वडील मेंढरं राखायचे. बिरूनं मेंढरं कधी हाकली नाहीत. मिसरूड फुटायच्या आधी तो इंदापूरला एका गॅरेजात गेला आणि पाने उचलता उचलता इंजिन बांधायला शिकला. लग्न झाल्यावर परत आला आणि घरापुढंच काम मांडलं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचा ट्रॅक्टर बिघडला की त्याच्याच अंगणात यायचा.

दिपाली मोरगावकडची, कोरडवाहू मुलखातली. इतकं पाणी जवळ असलेलं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. पहिली काही वर्षं ती बादली भरताना उगाचच पाण्यात हात फिरवत बसायची. मूलबाळ झालं नाही. दुपारी काम नसलं की ती अंगणात यायची, रॉकेलच्या परातीत सुटे भाग धुऊन पोत्यावर ओळीनं मांडायची. तिचं डोकं दुखायचं, ते उन्हानं असेल म्हणून दोघांनी सोडून दिलं. पाय सुजायला लागले, तेही सोडून दिलं. शेवटी एका सकाळी तिला श्वासच घेता येईना, तेव्हा बारामतीला नेलं. रक्तदाब कित्येक वर्षं चढलेला होता आणि दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

तिथून पुढं आठवड्यातनं दोनदा बारामतीला मशीनवर. येताना ती गाडीत डोळे मिटून पडायची. घरी आल्यावर भाकरीचा वासही नको व्हायचा. दुसरा दिवस उठण्यात जायचा आणि तिसऱ्या दिवशी परत निघायचं. म्हणून पोटाच्या डायलिसिसचं नाव निघालं तेव्हा तिनं पुढचं काहीच विचारलं नाही. "घरात ऱ्हाता येतंय न्हवं?" एवढंच म्हणाली.

बिरूनं मागची खोली धरली. त्या खोलीत जुने टायर, नांगराचे फाळ आणि आईची धान्याची कणगी होती. ते सगळं बाहेर काढलं. फरशी उखडली तेव्हा खाली वडलांनी घातलेला लोखंडी पाइप सापडला. इकडच्या खाऱ्या पाण्यानं त्याच्यात आतून इतका पांढरा थर धरला होता, की मधलं भोक पेन्सिलीएवढं उरलं होतं. बिरूनं तो उपटून टाकला. गच्चीवर टाकी बसवायची, तिथून खोलीपर्यंत प्लॅस्टिकचा पाइप आणायचा, हात धुवायचं बेसिन, कोपऱ्यात संडास, सांडपाण्याला उतार. गवंडी त्यानं फक्त फरशीपुरता बोलावला. नळाचं काम आपल्यालाच जमेल, असं त्याला वाटलं. ज्यानं इतकी इंजिनं बांधली त्याला चार पाइप जोडायला काय लागतंय?

पण ते जमेना. त्याचा हात ट्रॅक्टरचा. नट आवळायचा म्हणजे अंगातला सगळा जोर लावायचा, ही त्याची सवय. बेसिनखालचा पाइपाच्या वळणाचा एल्बो त्यानं मोठ्या पान्यानं असा आवळला की तो कटकन तडकला आणि टाकीतलं पाणी त्याच्या तोंडावर आलं. बिरू शिव्या देत मागं सरकला. दारात दिपाली उभी होती. ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला आणि तिनं चौकटीला धरलं.

"आवं, ते चाकाचं नट न्हाय," ती म्हणाली. "लुगड्याची गाठ मारावी तसं आवळा."

तो ओलाचिंब तसाच बसून राहिला, तिच्याकडं बघत. ती आजारी पडल्यापासून त्यानं तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

बिरूची आई साखरबाई या सगळ्यात काही बोलत नव्हती. भिंतीतून पाइप न्यायला बिरूनं छिन्नीनं दगड फोडायला घेतला, तेव्हा मात्र ती पुढं आली.

"तुज्या बापानं बैलगाडीनं वर आणलेला दगड हाय त्यो."

"ठावं हाय मला."

"चूल भाईर घातली. आता शेरडं भाईर काढा म्हणशीला. उद्या म्हातारीबी भाईर काढा."

"आई, तिच्या जिवाचं हाय."

"माज्या जिवाचं कुनी इचारलं?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी म्हातारी सकाळीच शेरडं हाकत भिगवणला गेली आणि संध्याकाळी एकटीच परत आली. दावी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. दिपालीनं तिला जेवायला उठवलं. ती उठली नाही. पुढं बरेच दिवस तिनं सुनेशी बोलणं टाकलं होतं.

अंगणात जो हेड उतरवलेला ट्रॅक्टर होता तो दादासो तात्यांचा. नात्यानं बिरूचे चुलते. नांगरटीचे दिवस चालले होते आणि बिरूला त्यांच्या इंजिनाला हात लावायला फुरसत मिळाली नव्हती. एका सकाळी तात्या दुसऱ्या एका पुतण्याला आणि त्याचा ट्रॅक्टर घेऊन आले.

"बिरू, किती दिस?"

"दोन दिस द्या तात्या. हेड बसवतो आन् चालू करून देतो."

"मागल्या बाजारीबी दोनच दिस म्हणाला हुतास."

तात्यांनी आवाज चढवला नाही. त्या पुतण्याला साखळी जोडायला सांगितली आणि सुटे भाग स्वतः गोळा करून खताच्या रिकाम्या पिशवीत भरले.

"तुज्या घरात दुखनं हाय, मला कळतंय," ते म्हणाले. "पर माझं रान थांबत न्हाय."

उघडं इंजिन घेऊन तो ट्रॅक्टर साखळीनं ओढला जाताना बिरू बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या अंगणातनं एकही ट्रॅक्टर असा ओढून न्यावा लागला नव्हता. ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. दुसरा ट्रॅक्टर त्यानं कसाबसा जोडून दिला आणि फाट्यावर पंक्चरच्या दुकानामागं पत्र्याचा आडोसा करून तिथं काम हलवलं. तिथं पूर्वीइतकी गिऱ्हाइकं आली नाहीत.

खोली झाली. फिकट हिरवा रंग, पांढरी फरशी, खिडकीला बारीक जाळी, लांब दांड्याचा नळ. सोनल परत आली. तिनं कोपरानं नळ उघडून बघितला, फरशीवरून बोट फिरवून बघितलं. "दादा, शहरात अशी खोली करत नाहीत लोक," ती म्हणाली. त्या दिवशी बिरू दोन भाकऱ्या जास्त जेवला.

दिपालीच्या पोटात नळी बसवली. औषधाच्या पाण्याच्या पिशव्यांची खोकी गाडीनं घरपोच यायला लागली. दिवसातनं चार वेळा ती खोलीत जायची, दार लावायची, पंखा बंद करायची, मास्क बांधून हात धुवायची. आधीचं पाणी पोटातून खालच्या पिशवीत सोडायची आणि वर टांगलेल्या पिशवीतलं नवं पाणी आत घ्यायची. निघालेलं पाणी स्वच्छ आहे का हे बघायला सोनलनं तिला एक रीत सांगितली होती. पिशवी छापील कागदावर ठेवायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. दिपाली जुन्या दिनदर्शिकेचं पान वापरायची. पान वाचून झालं की बाहेरच्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायची, "दिसतंय!"

पावसाळा गेला, दिवाळी झाली. तिच्या अंगावर जरा मांस आलं. एकदा तर पिशव्या बरोबर घेऊन ती मोरगावला माहेरी राहून आली आणि येताना भावाच्या रानातला ज्वारीचा हुरडा घेऊन आली. म्हातारीही हळूहळू बोलायला लागली.

पण बिरू त्या खोलीत जाईना. संध्याकाळी फाट्यावरून आला की साबण लावून आंघोळ करायचा, धुतलेले कपडे घालायचा आणि तरी उंबऱ्याबाहेरच बसायचा. दिपाली आत खाटेवर, तो दाराबाहेर गोणपाटावर. बोलणं तिथूनच.

"आत या की," ती म्हणायची.

"नगं. नखात काळं हाय."

"चांगलं तर धुतलंय."

"ते जात न्हाय."

रात्रीही तो पडवीतच झोपायचा. तिनं काही वेळा हट्ट केला, मग सोडून दिला.

थंडीच्या दिवसांत तिला ताप आला. उलट्या झाल्या आणि हात इतके थरथरायला लागले की पिशवीचं टोपण धरवेना. म्हातारीला नीट दिसत नव्हतं. भिगवणच्या डॉक्टरकडं न्यायला गाडी सांगितली होती, पण पाणी बदलायची वेळ टळून गेली होती.

"तुमीच करा," दिपाली म्हणाली. "मी सांगते तसं."

बिरूनं कपडे धुवायची पावडर घेतली, लिंबू घेतलं, ब्रश घेतला. हातांवरच्या भेगांतून रक्त येईपर्यंत तो घासत राहिला. नखं मुळापासून कापली. मास्क बांधला. तिनं सांगितलं तसं एकेक केलं. आधी हे टोपण, मग ती चिमटी, मग नळी. ज्या हातांनी तो तापलेल्या इंजिनाचा पट्टा बदलायचा, ते हात त्या बारीक नळीपाशी आल्यावर आखडले. तरी झालं. नवं पाणी पोटात उतरत असताना दिपालीनं त्याच्या मनगटाला हात लावला आणि तसाच ठेवला. कितीतरी महिन्यांनी.

ताप उतरला. ती परत स्वतःचं स्वतः करायला लागली. आणि काही दिवसांनी एका सकाळी खोलीतून "दिसतंय" आलं नाही. बिरू बाहेर चहा पीत होता. तो थांबला. पुन्हा थांबला. मग त्यानं दार ढकललं. दिपाली खाटेवर पोट धरून वाकली होती आणि फरशीवरच्या पिशवीत ताकासारखं पाणी होतं.

बारामतीला डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरून बघितली. "मधे दुसऱ्या कोणी केलं होतं का?"

"मी केलं," बिरू म्हणाला. "एकदाच."

"त्यानंच झालं असं नाही. कशानंही होतं. नक्की सांगता येत नाही."

बिरूच्या कानात डॉक्टरांचा पहिला प्रश्नच राहिला. औषधं पोटातून दिली, शिरेतून दिली, पाणी गढूळच यायचं. शेवटी नळी काढावी लागेल असं ठरलं. तिच्याजवळ तिच्या भावाला बसवून बिरू एक दिवस घरी आला आणि खोलीत गेला. बेसिन काढलं. नवी फरशी कुदळीनं उखडली. पाइप करवतीनं कापून प्रत्येक तुकडा सूर्याकडं धरून आतून बघितला. टाकी उलटी केली. सांडपाण्याचा पाइप उकरला. कुठं गळती होती का, कुठं घाण पाणी मिसळत होतं का, एखादा सांधा सुटला होता का. काहीच नव्हतं. पाइप आतून पांढरे स्वच्छ होते, सांधे पक्के होते. इंजिन खोललं की बिघाड सापडतोच, झिजलेलं, तुटलेलं काहीतरी हाताला लागतंच. इथं काही लागलं नाही, म्हणजे राहिले त्याचे हातच.

साखरबाई दारात येऊन उभी राहिली. फुटलेल्या फरशीकडं बघून ती म्हणाली, "पोरा, येड्यावानी का करतूस?"

तो मातीत बसला होता. म्हातारी वाकली आणि फरशीचे तुकडे एकेक करून घमेल्यात भरायला लागली.

दिपाली घरी आली ती पोटातल्या नळीशिवाय. आता मानेत नळी होती आणि परत मशीन. तिला खोली बघायची होती. बिरू नको म्हणत होता, पण ती भिंतीला धरत गेलीच. उखडलेली जमीन, लोंबणारे पाइप.

"हे कशापायी केलं?"

"बिघाड हुडकत हुतो."

ती बाहेर येऊन पडवीत टेकली. मग म्हणाली, "तुमच्या हातानं न्हाय झालं. मी केलंय. आत्याबाईंना बरं नव्हतं त्या दिशी. त्यांची हाक ऐकू यावी म्हणून दार उघडं ठिवलं, मास्कबी बांधला न्हाय. आपल्याला काय हुतंय म्हणलं."

"कवा?"

"तुमी करायच्या आदी."

बिरूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. ती फाट्याच्या रस्त्याकडं बघत होती. नंतर त्यानं आईला एकटीला गाठून विचारलं, मधे तुला बरं नव्हतं का? म्हातारी म्हणाली, "मला न्हाय बाबा आठवत." आणि मग, त्याचा चेहरा बघून, "आसंल. आसंल, नव्हतं बरं." त्या दोघींचं आपसात काही ठरलं होतं का, हे त्याला कधीच कळलं नाही.

त्या रात्रीपासून तो तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायला लागला. ती पाय जड झाले म्हणायची, तो चेपायचा. हातांचं काळं तिच्या पायांना लागायचं. ती ते सकाळी बघायची आणि पुसायची नाही.

मानेतल्या नळीनं ती दोनदा तापली. फाल्गुनात ऊन तापायला लागलं तेव्हा तिला बारामतीला ठेवावं लागलं. दुपारी बिरू तिचे तळवे धरून बसला होता. ती म्हणाली, "लई गार लागतंय." त्यानं चादर ओढली, वर आपला शर्ट टाकला. नर्स आली, मग डॉक्टर आले, त्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला झाला नाही. तळव्यातली ऊब हळूहळू जाताना त्याला कळत होती.

उजनीच्या पाण्याकडेला तिला अग्नी दिला. साखरबाई सुनेसाठी रडली ती कोणालाही आवरेना.

दिवसकार्य झालं आणि सोनलचा फोन आला. आवाज चाचरत होता. पिशव्यांची न उघडलेली खोकी घरात असतील तर सांगवीत एका बाईला फार गरज आहे, तिच्या पिशव्यांची गाडी अजून आली नाही, असं ती म्हणाली. बिरूनं खोकी भाड्याच्या टेम्पोत घातली आणि स्वतःच निघाला. बारामती ओलांडून सांगवीला पोचला तेव्हा ऊन चढलं होतं.

भाजीपाल्याच्या रानात घर होतं. सिंधुबाई पन्नाशीची बाई, चेहरा सुजलेला. तिचा मुलगा गोकुळ खोकी उतरवायला पुढं आला. खोली नवीनच केलेली. बेसिनखाली बादली ठेवलेली दिसली आणि बिरूनं विचारलं, "गळतंय का?"

"प्लंबर दोनदा येऊन गेला," गोकुळ म्हणाला. "तरी टपकतंयच."

बिरूनं टेम्पोतनं पाना आणला. चप्पल बाहेर काढली, हात धुतले आणि खाली वाकला. सांधा सोडवला, टेप गुंडाळली आणि हलक्या हातानं परत बसवला. सिंधुबाई खाटेवरून बघत होती.

"तुमच्या घरातबी हेच हाय म्हणं," ती म्हणाली. "सिस्टर सांगत हुत्या, तुमी लई भारी खोली केलीया. मालकीन कशी हाय आता?"

बिरूनं नळ उघडून बघितला, खाली बोट लावलं. कोरडं होतं.

"बरी हाय," तो म्हणाला.

"जेवतीया का?"

"जेवती."

"मंग भीती न्हाय म्हणायची." सिंधुबाईनं श्वास सोडला. "मला लई भ्या वाटतंय बघा. एकदा घेऊन या की त्यांना. बोलले असते जरा."

"आणतो."

गोकुळ त्याला टेम्पोपर्यंत सोडायला आला. बिरूनं दार उघडलं तेव्हा गोकुळ खाली बघत म्हणाला, "सिस्टरनं मला सांगितलंय समदं. आईला न्हाय सांगितलं."

"नका सांगू," बिरू म्हणाला.

भिगवणच्या फाट्यावर तो परतला तेव्हा दुपार कलली होती. पत्र्याच्या आडोशापुढं एक माणूस ट्रॅक्टर लावून वाट बघत बसला होता. डिझेलच्या नळीत हवा धरली होती, मधेच बंद पडत होता. बिरूनं त्याला कुठनं आलास विचारलं, बॉनेट उचललं आणि काम सुरू केलं.